जी. आय. पी. लोहमार्गाचा हमी-करारनामा : त्याचीं कलमें व त्यांची जबाबदारी

जुन्या कागदांचा संग्रह करणारांची दृष्टि साहजिकच सनदा, महजर, वतनपत्रें व निवाडे यांजकडे प्रथम वळते. हे कागद बहुधा मोडींत असतात, त्यांवर शिक्केमोर्तब असतें, आणि त्यांचा काळ स्वराज्याचा असतो. त्यांच्या मानानें इंग्रजी अमदानींतील सरकारी करारनामे छापील आणि अलीकडचे म्हणून उपेक्षिले जातात. परंतु राज्याचा पैसा कोणाच्या हातीं, कोणत्या शर्तींवर आणि कोणाच्या जबाबदारीवर गेला हें पाहावयाचें असेल, तर करारनाम्याइतकें बोलकें साधन दुसरें क्वचितच सांपडेल. सनद आपण ज्या बारकाईनें वाचतों त्याच बारकाईनें, म्हणजे लिहिलेल्या शब्दांबरोबर न लिहिलेल्या शब्दांकडेही लक्ष देऊन, असा एक करारनामा वाचला तर काय हातीं लागतें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

यासाठीं घेतलेला करारनामा ईस्ट इंडिया कंपनी व ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी यांच्यामध्यें ता. १७ ऑगस्ट १८४९ रोजीं झालेला होय. मुंबई बंदरापासून सह्याद्रि ओलांडून देशावर जाणारा लोहमार्ग याच कराराच्या पोटीं जन्मास आला. त्याची मुदत ९९ वर्षांची होती. आणि पुढें सरकारनें हा मार्ग खरेदी केला तेव्हां किंमतीचे वार्षिक हप्तेही त्याच मुदतीच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, ठरविण्यांत आले. एका कागदाचा हात शंभर वर्षें कसा पोहोंचतो, याचें हें उदाहरण आहे.

१. करार कां झाला

मुंबईस लोहमार्ग असावा ही कल्पना १८४४-४५ च्या सुमारास मूळ धरूं लागली. विलायतेंत जॉन चॅपमन याने ती उचलून धरली. इकडे नाना शंकरशेट, सर जमशेटजी जिजीभाई इत्यादि मुंबईच्या प्रमुख नागरिकांनीं तिला पाठिंबा दिला. घाटावरील कापूस बैलांच्या तांड्यांवरून बंदरांत येई. पावसाळ्यांत वाट बंद पडे, आणि माल भिजून व धुळीनें खराब होई. लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकेवांचून दुसरीकडून कापूस हवा होता. म्हणजे गरज खरी होती, यांत शंका नाहीं.

अडचण भांडवलाची होती. १८४७ सालीं लंडनच्या बाजारांत आर्थिक अरिष्ट आलें, आणि तेथील भांडवलवाले अनोळखी देशांत पैसा घालण्यास कचरूं लागले. सरकारनें निश्चित व्याजाची हमी दिल्याखेरीज भाग खपणार नाहींत असें कंपनीच्या प्रवर्तकांनीं कळविलें. हमी किती टक्क्यांची व किती वर्षांची, यावर डायरेक्टरांच्या सभेशीं त्यांची घासाघीस बराच काळ चालली. अखेर ता. १ ऑगस्ट १८४९ रोजीं पार्लमेंटच्या कायद्यानें रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि त्याच महिन्यांत करारावर सह्या झाल्या. प्रारंभीं भांडवल ५,००,००० पौंड आणि हमी शेंकडा ५ ठरली. हा मार्ग प्रयोगादाखल बांधावयाचा होता.

प्रयोग लवकरच सफळ झाला. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई ते ठाणें या सुमारें २१ मैलांवर पहिली गाडी धांवली. पुढील वर्षीं ती कल्याणास पोहोंचली. लॉर्ड डलहौसीनें १८५३ च्या आपल्या प्रसिद्ध टिपणांत साऱ्या देशासाठीं लोहमार्गांचें जाळें सुचविलें, व तें सरकारच्या देखरेखीखालीं खाजगी कंपन्यांकडून व्हावें असा अभिप्राय दिला. मग प्रयोगासाठीं शोधून काढलेली हमीची तऱ्हा तशीच्या तशी शेंकडों मैलांच्या मार्गांस लावण्यांत आली. १८६३ त बोरघाट व १८६५ त थळघाट खुला झाला. १८७० त जबलपुराजवळ कलकत्त्याकडील मार्गाशीं, आणि १८७१ त रायचुराजवळ मद्रासेकडील मार्गाशीं सांधा जुळला. भांडवल लाखांवरून कोटींवर गेलें. पण कलमांचा सांचा बहुतांशीं तोच राहिला. आमच्या मतें पहिला दोष येथेंच आहे. प्रयोगाच्या शर्ती प्रयोग संपल्यावर पुन्हां तपासाव्या, असें कोठेंही लिहिलेलें नव्हतें.

२. कलमांचा सारांश

करारांतील मुख्य कलमें पुढीलप्रमाणें सांगतां येतील.

पहिलें, भागीदारांचा पैसा ज्या दिवशीं सरकारी तिजोरींत भरला जाई त्या दिवसापासून त्यावर ५ टक्के व्याज चालूं होई. मार्ग बांधला गेला किंवा न गेला, गाडी चालली किंवा न चालली, याचा व्याजाशीं संबंध नव्हता.

दुसरें, मार्गासाठीं लागणारी जमीन सरकारनें ९९ वर्षें विनामूल्य द्यावयाची.

तिसरें, निव्वळ उत्पन्न हमीच्या व्याजाहून कमी पडल्यास तूट सरकारनें भरावयाची. अधिक झाल्यास वाढाव्याचे दोन भाग करून, एक भाग सरकारनें पूर्वीं भरलेल्या व्याजाच्या फेडीकडे आणि दुसरा भागीदारांकडे जावयाचा. सरकारचें देणें फिटल्यावर सर्व वाढावा कंपनीचा.

चौथें, रुपये व पौंड यांचा सर्व हिशेब एका रुपयास १ शिलिंग १० पेन्स, म्हणजे २२ पेन्स, या कायम दरानें करावयाचा.

पांचवें, २५ वर्षांनीं, किंवा तेव्हां न घेतल्यास ५० वर्षांनीं, सरकारास मार्ग विकत घेतां येई. किंमत मागील तीन वर्षांतील भागांच्या बाजारभावाच्या सरासरीनें ठरावयाची. ९९ वर्षांच्या अखेरीस मात्र मार्ग व जमीन सरकारकडे यावयाची.

सहावें, कंपनीस वाटेल तेव्हां सहा महिन्यांची सूचना देऊन मार्ग सरकारच्या गळ्यांत घालतां येई, आणि खर्ची पडलेलें भांडवल परत घेतां येई.

याच्या मोबदल्यांत सरकारास टपाल फुकट व लष्कर कमी दरानें नेतां येई, भाड्याच्या दरांस मंजुरी देण्याचा हक्क होता, आणि प्रत्येक कामावर देखरेखीचा अधिकार होता. कंपनीच्या लंडन येथील सभेंत सरकारचा एक डायरेक्टर बसे, व त्यास नकाराधिकार असे. हिंदुस्थानांत सल्लागार इंजिनिअर नेमलेले असत. नकाशे, अंदाज व खर्च त्यांच्या नजरेखालून जात.

वरवर पाहतां हें सर्व रास्त दिसतें. सरकारनें हमी दिली, म्हणून सरकारनें देखरेख ठेवली. मग चूक कोठें झाली?

३. जें लिहिलें नाहीं तें

चूक मुख्यतः करारांत नसलेल्या तीन गोष्टींत आहे. खर्चास कमाल मर्यादा नाहीं. हमीस कामाशीं बांधणारी शर्त नाहीं. आणि दर बदलण्याची वाट नाहीं.

खर्चाविषयीं पाहा. एक मैल मार्गास अमुक इतक्याच भांडवलावर हमी मिळेल, त्यावरचा खर्च भागीदारांनीं सोसावा, असें एक वाक्य करारांत असतें तर कंपनीच्या प्रत्येक इंजिनिअरास हात आंखडून काम करावें लागलें असतें. तें वाक्य नव्हतें. सरकारनें मंजूर केलेला प्रत्येक पौंड हमीस पात्र ठरे. परिणामीं खर्च वाढल्यानें भागीदारांचें कांहींच बुडत नसे. उलट अधिक भांडवलावर निर्धोक ५ टक्के मिळत. सरकारास स्वतः कर्ज काढल्यास याहून कमी व्याज पडलें असतें, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवावी.

सल्लागार इंजिनिअरांची देखरेख याला उतारा होईल अशी अपेक्षा होती. ती फळास आली नाहीं, आणि याचें कारणही करारांतच आहे. अधिकाऱ्यानें एखादें काम महाग म्हणून अडविलें, तर काम थांबे. पण तिजोरींत पडलेल्या पैशावरील व्याज थांबत नसे. नकार देणाऱ्यासच नकाराची किंमत मोजावी लागे. अशा स्थितींत देखरेख बारीकसारीक बाबींवर कडक आणि मोठ्या बाबींवर दुबळी होते. एखादें स्टेशन कसें असावें यावर लखोटे फिरत. एकंदर मार्गास किती पैसा जावा हें कोणीच ठरवीत नसे. कामाच्या दिरंगाईची ओरड इतकी झाली कीं १८५८ त कॉमन्स सभेनें हिंदुस्थानच्या लोहमार्गांविषयीं खास कमिटी नेमून चौकशी केली.

बोरघाटाचें काम हें दोन्ही बाजू दाखविणारें उदाहरण आहे. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले यानें आंखलेला हा चढ सुमारें १६ मैलांत १,८०० फुटांहून अधिक उंची गांठतो. कांहीं ठिकाणीं चढ ३७ फुटांस १ फूट आहे, आणि वाटेंत पंचवीस बोगदे आहेत. काम ऐन भरांत असतां त्यावर चाळीस हजारांहून अधिक माणसें राबत होतीं, आणि पटकी व तापानें त्यांतील किती मेलीं याची नीट गणती झाली नाहीं. पहिला मक्तेदार फॅविएल यानें १८५९ त काम सोडलें. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, इकडे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. पुढें त्याच्या विधवा पत्नीनें, ॲलिस ट्रेडवेल हिनें, काम पुरें करविलें. कर्तबगारी आणि साहस यांविषयीं वाद नाहीं. पण १८६७ सालीं याच घाटांतील महूकी मल्लीचा दगडी पूल, खुला होऊन चारच वर्षें झालीं असतां, कोसळला. आतां प्रश्न असा कीं पुनर्बांधणीचा खर्च कोणाच्या माथीं? तो भांडवलांत धरला तर त्यावर हमीचें व्याज चढणार. चालू खर्चांत धरला तर निव्वळ उत्पन्न घटणार. आणि उत्पन्न ५ टक्क्यांखालीं गेलें तर तूट तिजोरीच भरणार. खाते कोणतेंही निवडलें तरी वाट रयतेच्या कराकडेच जाते. सदोष कामाचा भार मूळ भागीदारांनीं उचलावा असें सांगणारें कलम नसल्यामुळें हिशेबनिसाचें कौशल्य येथें निरुपयोगी होतें.

४. हुंडणावळ व सहामाही हिशेब

ज्या दोन कलमांकडे त्या वेळीं फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं, तींच पुढें सर्वांत महाग पडलीं. तीं म्हणजे हुंडणावळीचा कायम दर आणि सहामाही हिशेब.

करार झाला त्यानंतरच्या काळांत रुपयाचा बाजारभाव दोन शिलिंगांच्या, म्हणजे २४ पेन्सांच्या, आसपास होता. लंडनमध्यें भागीदारांनीं १,००० पौंड भरले कीं करारान्वयें हिंदुस्थानांतील तिजोरीनें कामासाठीं १०,९०९ रुपये द्यावयाचे. बाजारभावानें तेच १,००० पौंड १०,००० रुपयांत मिळाले असते. म्हणजे मार्ग बांधला जात असतां दर हजार पौंडांमागें सुमारें ९०९ रुपयांचा तोटा सरकारनें सोसला.

पुढें वारें फिरलें. १८७३ नंतर चांदीचा भाव घसरूं लागला. १८९३ त टांकसाळी खुल्या नाण्यास बंद कराव्या लागल्या. आणि शतकाच्या अखेरीस रुपया १६ पेन्सांवर स्थिरावला. आतां तरी दर उलट दिशेनें सरकारच्या फायद्याचा व्हावा अशी कोणाची कल्पना होईल. पण कंपनीची मिळकत आतां रुपयांत येत होती, आणि ती २२ पेन्सांच्या दरानेंच पौंडांत जमा धरावयाची होती. एक काल्पनिक उदाहरण घेऊं. कंपनीस निव्वळ १०,९०९ रुपये मिळाले, आणि हमीचें व्याज ९०० पौंड द्यावयाचें आहे. करारान्वयें १०,९०९ रुपये म्हणजे १,००० पौंड. सबब १०० पौंड वाढावा, आणि त्यांतील ५० पौंड भागीदारांचे. प्रत्यक्षांत १६ पेन्सांच्या दरानें ९०० पौंड लंडनला धाडण्यास १३,५०० रुपये लागतात. मिळकत वजा जातां तिजोरीस २,५९१ रुपयांची खोट; आणि 'वाढाव्या'चे ५० पौंड देण्यास आणखी ७५० रुपये. एकूण ३,३४१ रुपयांची तूट असतां कागदावर नफ्याची वांटणी होते. कलम लिहिणाऱ्यानें दर ठरविला हा दोष नव्हे. व्यवहारांत दर ठरवावाच लागतो. ९९ वर्षांच्या करारांत तो पुन्हां तपासण्याची तरतूद ठेवली नाहीं, हा दोष होय.

दुसरें कलम हिशेबाच्या मुदतीचें. वाढावा वर्षाचा न धरतां सहामाहीचा धरला जाई. आपल्या इकडे कापूस व धान्य पावसाळ्यापूर्वीं हलतें. म्हणून पहिली सहामाही भरभराटीची व दुसरी मंद. समजा प्रत्येक सहामाहीस १०० व्याज द्यावयाचें आहे. पहिल्या सहामाहींत मिळकत १३०, दुसरींत ६०. वर्षाची बेरीज १९०. म्हणजे २०० च्या देण्यांत १० ची तूट, वाढावा मुळींच नाहीं. परंतु सहामाही हिशेबानें पहिल्या वेळीं ३० वाढावा, त्यांतील १५ भागीदारांचे. दुसऱ्या वेळीं ४० ची तूट सर्व सरकारची. वर्षाअखेर तिजोरीचें नुकसान १० ऐवजीं २५, आणि भागीदारांस ५ टक्क्यांवर आणखी १५ ची भर. नफ्यास सहामाही, तोट्यास सरकार, असा हा न्याय झाला.

५. जबाबदारी कोणाची

हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं असें नव्हे. गव्हर्नर जनरल सर जॉन लॉरेन्स यानें १८६९ च्या जानेवारींत लिहिलेल्या टिपणांत नफा सारा कंपन्यांचा व तोटा सारा सरकारचा, असा या पद्धतीचा निष्कर्ष स्पष्ट मांडला, आणि सरकारनें स्वतः मार्ग बांधावे अशी शिफारस केली. पूर्वीं हिंदुस्थान सरकारचे फडणीस असलेले विल्यम मॅसी यांनीं पार्लमेंटच्या कमिटीपुढें १८७२ त साक्ष देतांना, हमी मिळाल्यावर विलायती भांडवलवाल्यास आपला पैसा हुगळीच्या पात्रांत गेला किंवा विटाचुन्यांत गेला याची फिकीर राहिली नाहीं, अशा आशयाचे उद्गार काढले. म्हणजे दोष सरकारच्याच वरिष्ठ अधिकाऱ्यांनीं उघड केला.

आणि तरीही त्याच सुमारास, १८७० त, स्टेट सेक्रेटरीनें या कंपनीशीं नवी तडजोड केली. पूर्वीं भरलेल्या व्याजाची थकबाकी सरकारनें सोडून दिली, व २५ वर्षांनीं मार्ग खरेदी करण्याचा हक्कही सोडला. त्याबद्दल पुढील वाढाव्याचा अर्धा भाग सरकारास कायम मिळावा असें ठरलें. जो वाढावा वर सांगितलेल्या रीतीनें मोजला जावयाचा त्याच्या अर्ध्यासाठीं हातची थकबाकी व खरेदीचा हक्क गेला! बंगालकडील ईस्ट इंडियन रेल्वेच्या बाबतींत असा हक्क सोडला नव्हता. तो मार्ग सरकारनें २५ वर्षांच्या मुदतीनंतर, १८८० च्या आरंभीं, ताब्यांत घेतला. मात्र तेथेंही किंमतीचें कलम आडवें आलें. १०० पौंडांच्या भागास १२५ पौंड मोजून एकंदर ३,२७,५०,००० पौंड द्यावे लागले. भागांचा बाजारभाव वाढला होता तो मुख्यतः सरकारी हमीच्या भरंवशावर; आणि त्या वाढलेल्या भावानेंच सरकारास खरेदी करावी लागली. आपल्याच जामिनकीची किंमत जामीनदारानें मोजावी, असा हा प्रकार आहे. जी. आय. पी. मार्ग ५० वर्षांच्या मुदतीनंतर १९०० त विकत घेण्यांत आला. व्यवस्था तरीही कंपनीकडेच राहिली, आणि ती सरकारनें स्वतःकडे घेतली ती १९२५ त.

या सर्व व्यवहारांत जबाब कोणी कोणास द्यावयाचा? कंपनीचे डायरेक्टर आपल्या भागीदारांस जबाबदार. भागीदारांचें व्याज सुरक्षित, म्हणून ते कांहीं विचारीत नसत. सरकारी डायरेक्टर स्टेट सेक्रेटरीस जबाबदार, व स्टेट सेक्रेटरी पार्लमेंटास. पण पार्लमेंटाचे मतदार तूट भरीत नव्हते. तूट भरणारी रयत मुंबई-मद्रास-बंगाल्यांतील, आणि तिला या साखळींत एकही कडी नव्हती. १८५८ त ईस्ट इंडिया कंपनीचें राज्य जाऊन राणीचें आलें तेव्हां करार जसेच्या तसे नव्या सरकारच्या माथीं आले. प्रश्न विचारणारा मात्र आला नाहीं.

तो प्रश्न पुढें पुण्यांतून विचारला गेला, ही गोष्ट आम्हांस विशेष नोंदण्यासारखी वाटते. सार्वजनिक सभेच्या १८७८ त सुरू झालेल्या त्रैमासिकांत लोहमार्गांच्या खर्चाची व फलांची चिकित्सा आंकड्यांनिशीं होऊं लागली. गणेश व्यंकटेश जोशी यांनीं १८८४ त लोहमार्गांची वाढ व खुला व्यापार यांच्या आर्थिक परिणामांवर जें विस्तृत लेखन केलें, तें आजही वाचनीय आहे. १८९७ त वेल्बी कमिशनपुढें गोपाळराव गोखले यांनीं दिलेल्या साक्षींतही लोहमार्गांवरील खर्चाची तक्रार आहे. त्या कमिशनांत दादाभाई नवरोजी सभासद होते. अधिकाराची कडी नसलेल्या लोकांनीं हिशेबाची कडी तरी तयार केली.

६. पूर्वपक्ष व उत्तर

हमीवांचून मार्ग झालाच नसता, असा आक्षेप यावर येईल. १८४९ च्या परिस्थितींत तो बहुतांशीं खरा आहे, व तो मान्य केला तरी आमच्या मुद्द्यास बाध येत नाहीं. हमी द्यावी कीं न द्यावी हा धोरणाचा प्रश्न. ती कोणत्या शब्दांत द्यावी हा लेखनाचा प्रश्न. भांडवलास मर्यादा, व्याजास मुदत, दराची ठराविक वर्षांनीं तपासणी, आणि वार्षिक हिशेब, एवढीं चार वाक्यें घातल्यानें हमी नष्ट झाली नसती. फार तर अर्धा टक्का जास्त मागितला गेला असता. १८८० नंतर जे नवे करार झाले त्यांत व्याज साडेतीन-चार टक्क्यांवर आलें, आणि मार्गाची मालकी प्रथमपासून सरकारची राहिली. त्याच सरकारनें, त्याच बाजारांत, निराळा कागद लिहून दाखविला. यावरून पहिल्या कागदाचा दोष काळाचा नसून लेखणीचा होता हें सिद्ध होतें.

आपल्या जुन्या दफ्तराशीं परिचित असलेल्यांस येथें एक तुलना सुचेल. पेशवाईंत कमाविसदाराकडून रसद घेतली जाई व तिच्यावर व्याजही दिलें जाई; म्हणजे राज्य खाजगी पैशावर चालविण्याची कल्पना आपणांस नवी नव्हती. परंतु त्यास नेमणुकीचा बेहडा लावून दिलेला असे, मामल्यांत दरकदार असत ते त्याच्या मर्जीचे नोकर नसत, आणि सालअखेर हिशेबाचा झाडा हुजूर दफ्तरीं द्यावा लागे. खर्च बेहड्याबाहेर गेला तर मजुरा मिळेलच असा भरंवसा नसे. उलट दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं मामलती चढ्या बोलीनें इजाऱ्यानें देऊं लागतांच हेच निर्बंध निकामी झाले, आणि रयतेची कशी नागवण झाली तें एल्फिन्स्टननें १८१९ च्या अहवालांत लिहून ठेवलें आहे. जुन्या राज्यांत सारें चांगलें होतें असें यावरून सुचवावयाचें नाहीं. पैसा खाजगी हातीं देतांना खर्चाची सीमा आधीं आंखणें व हिशेब नंतर घेणें हीं दोन अंगें दोन्ही राज्यांत सारखींच महत्त्वाचीं होतीं, आणि तीं सुटलीं तेव्हां दोन्ही राज्यांत फळ एकच आलें, एवढेंच सांगावयाचें आहे.

हा विषय केवळ गतकाळाचा नाहीं. महाराष्ट्र राज्य वीज मंडळानें दाभोळ वीज कंपनीशीं १९९३ त केलेला वीजखरेदीचा करार अद्याप अनेकांच्या स्मरणांत असेल. त्यांतही विजेचा दर डॉलरशीं जोडलेला होता, वीज घेतली न घेतली तरी ठराविक रक्कम देणें भाग होतें, आणि पाठीशीं सरकारची हमी होती. १९९५ त तो रद्द करण्यांत आला, १९९६ त फेरतडजोड झाली, १९९९ त वीज सुरू झाली, आणि २००१ त मंडळानें ती घेणें थांबविलें. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें त्याच वर्षीं या व्यवहाराची कठोर चिकित्सा केली. पौंडाच्या जागीं डॉलर व आगगाडीच्या जागीं वीज आली, तरी परकीय चलनाचें कलम, कामाशीं न बांधलेली रक्कम, व सरकारची हमी, हीं तिन्हीं कलमें जुन्या करारनाम्याच्या वाचकास ओळखीचीं वाटतील. १८४९ चा कागद कोणी चाळला असता तर निदान हुंडणावळीच्या कलमापाशीं लेखणी अडखळली असती.

७. संग्राहकांस विनंती

मुख्य करारनामे पार्लमेंटाच्या छापील कागदांत सुरक्षित आहेत. परंतु कामाची खरी हकीकत पोटमक्त्यांत असते. दगड, चुना, लांकूड व मजूर पुरविण्याचे ठेके, मुकादमांचे मुचलके, जामीनकतबे, आगाऊ रकमांच्या पावत्या, जमिनी संपादन झाल्याबद्दलचीं गांवकामगारांचीं पत्रें अशा कागदांवरूनच मंजूर झालेला पौंड अखेर कोणाच्या पदरांत पडला हें कळूं शकेल. कर्जत, खोपोली, खंडाळा, कसारा, इगतपुरी या बाजूच्या घराण्यांत जुनीं दफ्तरें पाहण्याचा योग ज्यांस येतो, त्यांनीं शके १७७० ते १७९० च्या सुमाराचे असे मोडी व इंग्रजी कागद 'अलीकडचे' म्हणून बाजूस सारूं नयेत. ते रद्दींत गेले तर कंपनीची बाजू तेवढी छापलेली राहील, आणि ज्या रयतेनें तूट भरली व ज्या मजुरांनीं घाट फोडला त्यांची बाजू कायमची मुकी होईल. शिक्का नसला तरी असा कागद जपून ठेवावा, त्याची तारीख व ठिकाण टिपावें, आणि त्याची नक्कल संशोधकांस उपलब्ध करून द्यावी, अशी नम्र विनंती आहे.